फौंड्रीत श्वसनरक्षक मास्कची निवड आणि वापर

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: कोल्हापूरजवळच्या औद्योगिक वसाहतीत आपली ग्रे आयर्नचे, म्हणजे बिडाचे, ओतकाम करणारी साठ-सत्तर कामगारांची फौंड्री आहे. नॉकआऊट (साचा फोडून ओतीव भाग बाहेर काढणे), फेटलिंग (त्या भागावरचे जादा लोखंड घासून काढणे) आणि रंगकाम या तिन्ही ठिकाणी सर्वांना एकच एन९५ मास्क दिला जातो, पण बहुतेक कामगार तो हनुवटीखाली ओढून ठेवतात. आता ग्राहक कंपनीच्या ऑडिटमध्ये ‘योग्य रेस्पिरेटर नाही’ असा शेरा आल्यामुळे कोणता मास्क मागवावा, तो किती दिवस वापरावा आणि दाढी असलेल्या कामगारांचे काय करावे, हे आपल्याला हवे आहे. फौंड्री आणि इंजिनिअरिंग कारखान्यांत औद्योगिक आरोग्याचे काम करताना मला पंचवीस वर्षे झाली. त्या अनुभवावरून सांगतो की, मास्कची जाळी किती टक्के धूळ अडवते यावर आपण सगळे फार बोलतो, आणि मास्कची कड कामगाराच्या गालाला नेमकी कशी टेकते हे मात्र कोणी पाहत नाही. बहुतेक मास्क जाळीत कमी पडत नाहीत, कडेला कमी पडतात.

तरीही सुरुवात हवेपासून करावी लागते, कारण फौंड्रीत तीन प्रकारची हवा आहे. नॉकआऊटला आणि फेटलिंगला वाळूतील सिलिकाची धूळ आहे. रंगकामात थिनरची वाफ आणि रंगाचे तुषार दोन्ही आहेत. ओतकामाच्या वेळी साच्यातील कोळशाची पूड आणि कोअरमधील (ओतीव भागात पोकळी ठेवणाऱ्या वाळूच्या गाभ्यातील) राळ जळून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला रंग नाही आणि वासही नाही. एन९५ मास्क फक्त कणांसाठी आहे. थिनरची वाफ त्यातून सरळ आत जाते आणि कार्बन मोनॉक्साइड तर नेहमीच्या कोणत्याही गाळणीने अडत नाही. म्हणजे आपण रंगाऱ्याला जो मास्क देत आहात तो त्याला तुषारांपासून थोडाफार वाचवतो आणि वाफेपासून अजिबात वाचवत नाही. ऑडिटरचा शेरा योग्यच आहे.

सिलिकाबद्दल जरा सविस्तर लिहितो. नॉकआऊटला वाळूचा जो ढग डोळ्यांना दिसतो त्यातील मोठे कण नाकात आणि घशात अडकतात. फुप्फुसाच्या अगदी आतल्या पिशव्यांपर्यंत पोचणारे कण साधारण दहा मायक्रॉनपेक्षा लहान असतात, ते सुटे असताना डोळ्यांना दिसत नाहीत आणि हवेत बराच वेळ तरंगतात. त्यामुळे ‘आता धूळ बसली, मास्क काढायला हरकत नाही’ हा अंदाज नेहमी चुकतो. सिलिकोसिस, म्हणजे सिलिकाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार, एकदा झाला की बरा होत नाही, सिलिका फुप्फुसाच्या कर्करोगाचे सिद्ध कारण आहे, आणि सिलिकोसिस असलेल्या माणसाला क्षयरोग लवकर गाठतो. आपल्याकडे अनेक फौंड्री कामगारांवर वर्षानुवर्षे केवळ क्षयाचे उपचार होतात आणि ते काय काम करतात हे कोणी विचारतच नाही.

फौंड्रीतील सर्वांत वाईट धूळ कुठे असते असे विचारले तर बहुतेक जण फेटलिंगकडे बोट दाखवतील. माझे उत्तर वेगळे आहे. इंडक्शन फर्नेसचे (विजेच्या भट्टीचे) जुने अस्तर फोडणे आणि नवे रॅमिंग मास (अस्तरासाठी ठोकून भरायची भुकटी) भरणे हे काम मला सर्वांत धोक्याचे वाटते. ते रॅमिंग मास जवळजवळ निव्वळ सिलिका असते आणि भट्टीच्या उष्णतेने त्यातील काही भागाचे क्रिस्टोबलाइट होते, म्हणजे स्फटिक सिलिकाचेच दुसरे रूप, आणि तेही तितकेच घातक. हे काम काही आठवड्यांतून एकदा, सुटीच्या दिवशी, कंत्राटदाराची दोन माणसे ब्रेकर घेऊन करतात. आपल्या मास्कच्या यादीत त्यांचे नाव नसते. ते यादीत सर्वांत वर असायला हवे.

मास्क मागवण्यापूर्वी एकदा तरी हवेचे मोजमाप करून घ्यावे. कामगाराच्या कॉलरजवळ छोटा सॅम्पलर आणि कमरेला पंप लावून पूर्ण पाळीची धूळ गोळा करतात आणि प्रयोगशाळेत तिचे वजन व क्वार्ट्झचे, म्हणजे स्फटिक सिलिकाचे, प्रमाण काढतात. १९४८च्या कारखाने अधिनियमाच्या दुसऱ्या अनुसूचीत श्वसनीय धुळीची मर्यादा काढण्यासाठी एक सूत्र दिले होते: क्वार्ट्झच्या टक्केवारीत २ मिळवायचे आणि त्या संख्येने १० ला भागायचे. धुळीत २० टक्के क्वार्ट्झ असेल तर दहा भागिले बावीस, म्हणजे घनमीटरला सुमारे ०.४५ मिलिग्रॅम धूळ, आणि त्यात सिलिका साधारण ०.०९ मिलिग्रॅम. अमेरिकेने २०१६ मध्ये सिलिकाची मर्यादा ०.०५ मिलिग्रॅमवर आणली. मी स्वतः निवड करताना हाच कडक आकडा धरतो.

आता मास्कचे वर्ग पाहू. भारतीय मानक आयएस ९४७३ आणि युरोपीय मानक ईएन १४९ या दोन्हींत एफएफपी१, एफएफपी२ आणि एफएफपी३ असे तीन वर्ग आहेत. युरोपीय मानकानुसार त्यांच्या गाळण्या अनुक्रमे किमान ८०, ९४ आणि ९९ टक्के कण अडवतात. अमेरिकी पद्धतीतील एन९५ साधारण एफएफपी२च्या जवळ येतो, आणि पी१०० म्हणजे ९९.९७ टक्के. परंतु हे आकडे गाळणीचे आहेत, मास्क घातलेल्या माणसाचे नाहीत. प्रत्यक्ष संरक्षण मोजण्यासाठी अमेरिकी नियमांत प्रत्येक प्रकाराला एक संरक्षण गुणक दिलेला आहे. एन९५ धरून सर्व अर्धमुखी (नाक-तोंड झाकणाऱ्या) मास्कना तो १० आहे, पूर्णमुखी (डोळ्यांसह चेहरा झाकणाऱ्या) मास्कला ५०, आणि कमरेच्या मोटारीने गाळलेली हवा डोक्यावरच्या सैल टोपात सोडणाऱ्या यंत्राला २५. गुणक १० याचा अर्थ, मास्क नीट बसला असेल तर आतील हवा बाहेरच्या हवेपेक्षा दहापट स्वच्छ असेल असे धरता येते. बाहेर ०.३ मिलिग्रॅम सिलिका असेल तर आत ०.०३, म्हणजे अर्धमुखी मास्क पुरेल. बाहेर ०.८ असेल तर तो पुरणार नाही, मग त्यावर कितीही भारी गाळणी लावा.

या गुणकाच्या बाबतीत एक हिशेब मी प्रत्येक मालकासमोर कागदावर करून दाखवतो, तो इथेही देतो. आठ तासांच्या पाळीचे ४८० मिनिटे होतात. गुणक १० असलेला मास्क कामगाराने ४८ मिनिटे काढून ठेवला, म्हणजे फक्त दहा टक्के वेळ, तर त्याचे प्रत्यक्ष संरक्षण दहावरून सुमारे पाचवर येते. गुणक ५० असलेला महागडा पूर्णमुखी मास्क तेवढाच वेळ काढला तर पन्नासचे जेमतेम साडेआठ उरतात. म्हणून माणसाला पूर्ण पाळीत सोसवेल असा मास्क घ्या.

पण मास्क ही शेवटची तटबंदी आहे. फेटलिंगच्या टेबलाला खालून हवा ओढणारी सोय, ग्राइंडरला हूड, जमिनीवरची वाळू झाडूऐवजी व्हॅक्यूमने उचलणे किंवा आधी ओली करणे, यावर झालेला खर्च मास्क घालणाऱ्या आणि न घालणाऱ्या सर्वांना उपयोगी पडतो. हे मी सर्व पत्रांत लिहितो आणि पुढेही लिहीत राहीन, कारण वर्षभर मास्क विकत घेणाऱ्या अनेक कारखान्यांत साध्या हूडचा पंखा बंद पडलेला असतो.

आता कडेविषयी. काही वर्षांपूर्वी एका फौंड्रीत मी फेटलिंगच्या कामगारांना दुपारच्या सुटीत रांगेने उभे करून मास्क काढायला सांगितले आणि चेहरे पाहिले. अकरापैकी सात जणांच्या नाकाच्या दोन्ही बाजूंना, मास्कच्या आतल्या भागात, डोळ्यांकडून खाली उतरलेल्या काळ्या रेघा होत्या. जाळी चांगली होती, शिक्काही खरा होता. धूळ नाकाच्या उंचवट्याशेजारच्या फटीतून आत येत होती. ही तपासणी फुकट आहे आणि आपण उद्याच करू शकता. चष्म्यावर वाफ धरते अशी तक्रार असेल तर तीही त्याच फटीची खूण आहे.

त्या फौंड्रीत आम्ही मग कडू द्रावणाची बसवणूक-चाचणी घेतली. कामगाराच्या डोक्यावर पारदर्शक टोप चढवतात. आधी मास्कशिवाय पातळ द्रावणाचा फवारा मारून त्याला कडूपणा जाणवतो की नाही ते पाहतात, नंतर मास्क घालून जास्त तीव्र फवारा मारतात आणि त्याला साधा श्वास, खोल श्वास, मान डावी-उजवीकडे, वर-खाली, मोठ्याने बोलणे, कमरेत वाकणे असे सर्व करायला लावतात. प्रत्येक हालचाल एक मिनिट. पंधरा-सोळा वर्षे ग्राइंडर चालवलेला एक कामगार पहिले दोन मिनिटे शांत होता. मान वर-खाली करायला लागल्यावर त्याने हात वर केला आणि म्हणाला, “साहेब, कडू लागाय लागलंय.” मास्क पाहिला तेव्हा नाकावरची पट्टी त्याने एका हाताच्या चिमटीने दाबली होती, त्यामुळे मधोमध टोकदार उंचवटा होऊन दोन्ही बाजूंना पोकळी राहिली होती. शिवाय दोन्ही पट्टे मानेवरच होते. वरचा पट्टा डोक्याच्या मागे उंचावर, खालचा कानांखालून मानेवर आणि नाकपट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी मध्यापासून बाहेर दाबत नेलेली, एवढे बदलल्यावर त्याच माणसाला तोच मास्क अचूक बसला. या चाचणीआधी पंधरा मिनिटे पाण्याशिवाय काही खाऊ-पिऊ द्यायचे नाही. आपल्याकडे त्यात तंबाखू, मिश्री आणि गुटखा आवर्जून सांगावा लागतो, कारण तोंडात तंबाखू असलेल्या माणसाला कडूपणा कळतच नाही आणि चाचणी खोटी पास होते. चाचणी वर्षातून एकदा घ्यावी. मास्कचे मॉडेल बदलले, दात काढले किंवा वजन बरेच बदलले तर पुन्हा घ्यावी.

रोज मास्क घातल्यावर कामगाराने स्वतः करायची तपासणी अगदी छोटी आहे. दोन्ही तळवे मास्कवर धरून जोरात श्वास सोडायचा, मग जोरात घ्यायचा. सोडताना कडेने वारा जाणवला, किंवा घेताना मास्क चेहऱ्याकडे ओढला गेला नाही, तर तो पुन्हा बसवायचा. कोकराच्या कातड्यासारखी मऊ कड असलेला रबरी मास्कही याला अपवाद नाही.

दाढीचा प्रश्न नाजूक आहे, पण उत्तर सरळ आहे. कड जिथे टेकते तिथे केस असले तर बसून राहणारा कोणताही मास्क गळतो, मग तो अर्धमुखी असो वा पूर्णमुखी. एक-दोन दिवसांची वाढलेली खुंटेसुद्धा पुरतात. मिशी कडेच्या आत मावत असेल तर हरकत नाही. जे कामगार दाढी ठेवण्याचा आग्रह केवळ सवयीने धरतात त्यांच्याशी बोलता येते. परंतु एखादा शीख किंवा मुस्लिम कामगार धर्मश्रद्धेने दाढी ठेवत असेल तर त्याला ‘दाढी काढ नाहीतर काम सोड’ असे सांगण्याची वेळच येऊ नये. त्याच्यासाठी वर सांगितलेला मोटारीच्या हवेचा सैल टोप घ्यावा, तो चेहऱ्यावर कड टेकवून बसत नाही. टोप घेताना मोटार मिनिटाला किमान १७० लिटर हवा देते का हे सोबतच्या मापकाने रोज पाहावे आणि बॅटरीचा चार्जिंगचा नेम ठेवावा. किंमत ऐकून मालक मागे सरतात हे मला माहीत आहे. पण भट्टीच्या अस्तराच्या कामाला आणि एप्रिल-मे महिन्यांतील फेटलिंगला हाच टोप दाढी नसलेल्यांनाही आवडतो, कारण त्यात तोंडावर सतत वारा येतो.

रंगकामाकडे वळतो. साध्या रेड ऑक्साइड प्रायमरला, ज्यात टोल्यूइन-झायलीन असलेले थिनर पडते, अर्धमुखी रबरी मास्क, सेंद्रिय वाफेचे कार्ट्रिज आणि त्यावर कणांची पूर्वगाळणी चालते. कार्ट्रिजचा डबा मागवताना एक मोठी गफलत टाळा. युरोपीय रंगसंकेतात सेंद्रिय वाफेची पट्टी तपकिरी असते, अमेरिकी संकेतात काळी. पांढरा रंग युरोपीय डब्यावर कणांची गाळणी दाखवतो आणि अमेरिकी डब्यावर आम्ल वायू. हिरवा मात्र दोन्हीकडे अमोनियाचा. दुकानदार नुसता रंग पाहून डबा देतो, म्हणून रंगावर विसंबू नका, लेबल वाचा.

कार्ट्रिजमधील कोळसा भरला हे वासावरून कळेल, अशी एक जुनी समजूत आहे. वास येईपर्यंत माणसाच्या छातीत वाफ गेलेली असते, आणि काही पदार्थांना वासच उशिरा येतो. म्हणून उत्पादकाकडून वाफेचे प्रमाण, रोजचे तास आणि आर्द्रता सांगून बदलण्याचे वेळापत्रक घ्यावे आणि कार्ट्रिजवर मार्करने सुरुवातीची तारीख लिहावी. कोल्हापूरच्या पावसाळ्यात दमट हवेने कोळसा लवकर थकतो. थोडे वापरलेले कार्ट्रिज उघड्यावर ठेवून सोमवारी पुन्हा लावू नये, कारण पकडलेली वाफ रात्रीतून कोळशात पुढे सरकते आणि पहिल्या श्वासालाच बाहेर पडते. आणि जर आपण हार्डनर घालून टू-पॅक पॉलियुरेथेन रंग मारत असाल तर माझा सल्ला कार्ट्रिजचा नाही. त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचे रसायन असते, त्याचा वास इशारा देत नाही आणि एकदा त्याचा दमा जडला की अगदी थोड्या वाफेनेही झटका येतो. त्याला बाहेरून नळीने हवा पुरवणारा मास्क लागतो.

नळीच्या मास्कबाबत एक गोष्ट जिवावर बेतणारी आहे. त्याला कारखान्याच्या भिंतीवरची नेहमीची कॉम्प्रेस्ड एअरची लाइन जोडायची नाही. त्या हवेत तेलाचे तुषार असतात, कॉम्प्रेसर तापला तर कार्बन मोनॉक्साइड येतो, आणि कॉम्प्रेसरचे तोंड जनरेटरच्या धुरापाशी असेल तर धूरच श्वासात जातो. श्वसनासाठी वेगळी गाळणी, मोनॉक्साइडची सूचना देणारी घंटा आणि इतर कोणत्याही वायूच्या लाइनला न बसणारी वेगळी कपलिंग हवी. नायट्रोजन किंवा अरगॉनच्या लाइनला चुकून जोडलेली नळी माणसाला काही श्वासांतच बेशुद्ध पाडते.

ओतकामाच्या जागी आणि वाळूच्या लाइनखालच्या पिटमध्ये (खड्ड्यात) मात्र गाळणीच्या मास्कवर भरवसाच ठेवू नये. गाळणी हवा स्वच्छ करते, प्राणवायू तयार करत नाही. हवेत प्राणवायू सुमारे २१ टक्के असतो, तो १९.५ च्या खाली गेला की गाळणीचा मास्क घालून आत जाणे म्हणजे मास्क न घालता जाण्यासारखेच आहे. पिट, सायलो, टाकी यांत उतरण्याआधी मीटरने प्राणवायू आणि कार्बन मोनॉक्साइड मोजणे, लेखी परवाना, कमरेला दोर आणि वर उभा असलेला माणूस या अटी १९४८च्या अधिनियमाच्या कलम ३६ पासून आपल्याकडे चालत आल्या आहेत. वर उभ्या असलेल्या माणसाला एकच गोष्ट घोटून शिकवा: साथीदार कोसळला तरी स्वतःचा श्वसनसंच असल्याशिवाय त्याच्यामागे उतरायचे नाही.

मास्क किती दिवस वापरावा, याचे उत्तर युरोपीय मास्कवर छापलेलेच असते. ‘एनआर’ हे चिन्ह असेल तर तो एका पाळीपुरता. फेटलिंगला मी तो नेहमी एका पाळीचाच धरतो. ओला झाला, दुमडला, पट्टा सैल झाला किंवा श्वास जड झाला तर त्याआधीही बदलावा. तो धुवायचा नाही. त्याच्या जाळीतील तंतूंवर विद्युतभार असतो, त्यामुळे बारीक कण खेचले जातात. साबणाने किंवा सॅनिटायझरने तो भार जातो आणि मास्क दिसायला तसाच राहून निकामी होतो. रबरी मास्कचा चेहरा मात्र कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवावा, सावलीत वाळवावा आणि पिशवीत ठेवावा, ग्राइंडरशेजारच्या खिळ्यावर नव्हे.

काढण्याचा क्षणही महत्त्वाचा आहे. पाळी संपल्यावर कामगार मास्क काढतो आणि मग एअर गनने अंगावरचे कपडे झटकतो, हे दृश्य मी जवळजवळ प्रत्येक फौंड्रीत पाहिले आहे. दिवसभर वाचवलेली धूळ तो दोन मिनिटांत छातीत घेतो. एअर गन या कामाला बंद करा, व्हॅक्यूम द्या, आणि मास्क सर्वांत शेवटी उतरवायची सवय लावा. भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यात डिसेंबर १९८१ मध्ये अंगावर फॉसजीन उडालेल्या एका कामगाराने घाबरून मास्क काढला आणि तो काही दिवसांत दगावला. वायू वेगळा होता, पण क्रम चुकला की काय होते ते यावरून कळते.

खरेदीसाठी असे करा. एकाच मॉडेलच्या दोन हजार नगांची ऑर्डर देऊ नका. कानात अडकवायच्या दोऱ्या असलेले मास्क बाजूला काढा, अमेरिकी मान्यताप्राप्त एन९५ला डोक्यामागे जाणारे पट्टेच असतात, आणि भारतीय मास्कवर मानक चिन्हासोबत परवाना क्रमांक पाहा. दोन-तीन कंपन्यांचे, दोन आकारांतले थोडे थोडे नमुने मागवा आणि कडू द्रावणाची चाचणी त्यांच्यावर घ्या. फेटलिंगला झडप असलेला एफएफपी३ किंवा पी१०० गाळणीचा अर्धमुखी मास्क, नॉकआऊटला मोजमाप येईपर्यंत तोच, अस्तरकामाला मोटारीचा टोप, रंगाऱ्याला वर सांगितल्याप्रमाणे. ज्यांना दमा किंवा हृदयविकार आहे त्यांना मास्क देण्यापूर्वी डॉक्टरांकडून तपासून घ्या, कारण जाळीतून श्वास ओढायला जोर लागतो.

आणि चाचणीच्या रांगेत नॉकआऊटची जमीन झाडणाऱ्या कंत्राटी बायकांना पहिल्या उभ्या करा. त्यांचे चेहरे लहान असतात, मधल्या आकाराचा मास्क त्यांच्या हनुवटीला लोंबतो, आणि आजवर मी पाहिलेल्या बहुतेक फौंड्रींत त्या पदराचे टोक तोंडावर धरूनच झाडत होत्या. लहान आकाराचे नमुने मागवल्याशिवाय ऑर्डरवर सही करू नका.